खिशातला पहारेकरी

१९५५च्या सुमारास जोहान्सबर्गमध्ये एखादा काळा माणूस कामावरून घरी निघाला, तर त्याच्या खिशात पगार असो-नसो, एक जाडसर पुस्तक असावंच लागे. त्यात त्याचा फोटो, क्रमांक, जमात, कर भरल्याच्या नोंदी, कामगार कचेरीचे शिक्के आणि मालकाचं नाव-पत्ता. मालकाने दर महिन्याला त्यात सही करायची. एखाद्या महिन्याची सही राहिली, की सरकारच्या लेखी तो माणूस बेकार आणि बेकायदा. पोलीस कुठल्याही कोपऱ्यावर हात पुढे करून पुस्तक मागू शके. पुस्तक घरी राहिलंय, चार घरं पलीकडेच घर आहे, आत्ता आणून दाखवतो, या विनवण्यांचा उपयोग नसे. हातात बेड्या पडत आणि रात्र कोठडीत जाई.

या पुस्तकाचं सरकारी नाव होतं ‘रेफरन्स बुक’. लोक त्याला ‘डॉमपास’ किंवा नुसतं ‘पास’ म्हणत. १९१६ ते १९८४ या काळात दक्षिण आफ्रिकेत पास कायद्यांखाली एक कोटी सत्तर लाखांहून जास्त वेळा अटका झाल्या. पकडलेल्या माणसांनी चोरी केली नव्हती, कुणावर हात उगारला नव्हता. ज्या शहरात ती राबत होती, त्या शहरात राहण्याचा परवाना त्यांच्याकडे नव्हता, एवढाच गुन्हा.

वर्णभेदी दक्षिण आफ्रिका म्हटलं, की ‘फक्त गोऱ्यांसाठी’च्या पाट्या डोळ्यांपुढे येतात. बागेतले बाक, आगगाडीचे डबे, समुद्रकिनारे, टपाल कचेरीतल्या खिडक्या, सगळं वेगळं. या पाट्या अपमानास्पद होत्याच, पण राजवटीचा खरा कणा पास होता. सोन्याच्या खाणी, कारखाने, मक्याची शेतं आणि गोऱ्यांची स्वयंपाकघरं काळ्या माणसांशिवाय एक दिवसही चालली नसती. राज्यकर्त्यांना त्यांचे हात हवे होते. त्या हातांवर पोसली जाणारी बायको, पोरं आणि म्हातारे आईबाप मात्र शहरात नको होते. कामाला माणूस जवळ आणि त्याचा संसार शेकडो मैल दूर, ही विभागणी पासमुळे शक्य झाली. म्हणूनच वर्णभेदाविरुद्धच्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या लढ्याचा पहिला वार याच कागदावर पडलेला दिसतो.

पासची सुरुवात वर्णभेदाच्या राजवटीच्या कितीतरी आधीची. केपमध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीचा अंमल असताना १७६०मध्ये गुलामांवर पहिलं बंधन आलं. गावातून खेड्यात किंवा खेड्यातून गावात जायचं, तर धन्याची चिठ्ठी हवी. पुढे केप इंग्रजांकडे गेलं. १८०९मध्ये गव्हर्नर कॅलेडनने हुकूम काढला, की तिथल्या मूळच्या खोई लोकांनी ठरलेल्या ठिकाणीच राहावं आणि पासशिवाय हलू नये. खोई गुलाम नव्हते, कागदोपत्री स्वतंत्र होते. पण चिठ्ठी नसलेला खोई भटक्या ठरे आणि भटक्याला गोऱ्या शेतकऱ्याच्या दावणीला बांधता येई. चिठ्ठी नसलेल्या माणसाकडून सक्तीची मजुरी करून घ्यायची, ही युक्ती तेव्हापासून पुढची पावणेदोनशे वर्षं वापरली गेली.

किंबर्लेला हिरे सापडले आणि या युक्तीला धार आली. १८७२मध्ये तिथे निघालेल्या हुकमात वंशाचा उल्लेखही नव्हता, त्यात फक्त ‘नोकर’ म्हटलं होतं. पण रस्त्यात अडवून पास विचारला जाई तो काळ्यांनाच. करार मोडून पळणारा मजूर आणि चोरून विकला जाणारा हिरा, दोन्हीचा बंदोबस्त एका कागदाने होत होता. त्यानंतर ट्रान्सवालमध्ये सोनं निघालं. तिथला १८९५-९६चा पास कायदा खाणमालकांच्या संघटनेच्या आग्रहातून आला. खाणपट्ट्यात काम करणाऱ्याने दंडावर धातूचा बिल्ला बांधावा, अशी त्यात तरतूद होती. सोनं खोलवर होतं, दगडात त्याचं प्रमाण कमी होतं, त्यामुळे मजुरी स्वस्त राहिली तरच खाण परवडे. मजुराला एका खाणीतून दुसरीकडे जादा पगारावर जाता येऊ नये, हे पास सांभाळत असे.

या कागदाची झळ भारतीयांनाही लागली. १९०६मध्ये ट्रान्सवाल सरकारने आठ वर्षांवरच्या प्रत्येक आशियाई माणसाने नाव नोंदवावं, बोटांचे ठसे द्यावेत आणि दाखला जवळ बाळगावा, असा कायदा आणायचं ठरवलं. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरमध्ये सुमारे तीन हजार भारतीय जमले आणि हा कायदा पाळायचा नाही, अशी शपथ त्यांनी घेतली. सत्याग्रहाची सुरुवात या सभेपासून धरली जाते. ट्रान्सवाल सरकारमधले जनरल स्मट्स यांच्याशी नंतर झालेली तडजोड फिसकटल्यावर १६ ऑगस्ट १९०८ रोजी हमीदिया मशिदीच्या आवारात एक मोठी तिपाई कढई मांडली गेली. दोन हजारांहून अधिक दाखले तिच्यात टाकले, वर रॉकेल ओतलं आणि काडी लावली.

हा लढा भारतीयांपुरता होता, हे इथे सांगायलाच हवं. या लढ्याचे पुढारी गांधी यांचं आफ्रिकी लोकांबद्दलचं त्या काळातलं काही लिखाण आज वाचवत नाही, आणि दोन्ही समाजांची फळी एक व्हायला पुढे चाळीस वर्षं जावी लागली. तरी एक ओझरती भेट नोंदवण्यासारखी आहे. १९१२च्या ऑक्टोबरमध्ये गोपाळ कृष्ण गोखले केपटाऊनला उतरले. करारबद्ध मजुरीतून सुटलेल्या भारतीयांवर लादलेला तीन पौंडांचा कर रद्द व्हावा, हा त्यांच्या दौऱ्याचा मुख्य विषय. त्या दौऱ्यात ते नाताळ प्रांतात जॉन दुबे यांच्या ओहलांगे इथल्या शाळेतही गेले आणि आफ्रिकी लोकांच्या प्रश्नावर दोघांचं बोलणं झालं. दुबे म्हणजे त्याच वर्षी जानेवारीत ब्लूमफाँटेनला स्थापन झालेल्या, पुढे आफ्रिकन नॅशनल काँग्रेस म्हणून ओळखल्या गेलेल्या संघटनेचे पहिले अध्यक्ष.

याच ब्लूमफाँटेनमध्ये पुढच्या वर्षी बायकांनी पहिला मोठा दणका दिला.

बाकीच्या प्रांतांत तेव्हा पासचा जाच मुख्यतः पुरुषांना होता. ऑरेंज फ्री स्टेटमध्ये मात्र शहरात राहणाऱ्या काळ्या बाईलाही पास लागे आणि त्याचे पैसे नगरपालिका वसूल करी. या बायका बहुतेक धुणीभांडी करणाऱ्या. पोलीस रस्त्यात कुठेही अडवत, पासच्या निमित्ताने अंगचटीला येत, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. १९१२मध्ये त्यांनी सुमारे पाच हजार सह्यांचं निवेदन सरकारकडे पाठवलं. शिष्टमंडळ केपटाऊनला जाऊन आलं. काही हललं नाही. मग १९१३च्या मेअखेरीस वायहुक वस्तीतल्या दोनशे बायका मोर्चाने शहरात गेल्या, पास टाकून दिले आणि धरपकडीला सामोऱ्या गेल्या. लोण आजूबाजूच्या गावांत पसरलं. दंड भरा आणि घरी जा, असं न्यायाधीश सांगत. बायका दंड भरायला नकार देत आणि सक्तमजुरी पत्करत. लहान गावांतल्या तुरुंगांत एवढ्या बायका ठेवायला जागाच नव्हती, म्हणून त्यांना दुसऱ्या गावी न्यावं लागलं. पत्रकार सोल प्लात्ये यांनी क्रूनस्टाडच्या तुरुंगात जाऊन या बायकांची भेट घेतली आणि त्यांची हकीकत आपल्या पुस्तकात लिहून ठेवली.

या चळवळीशी नाव जोडलं गेलं ते शार्लट मॅक्सेके यांचं. गाणाऱ्यांच्या एका पथकाबरोबर त्या तरुणपणी इंग्लंड-अमेरिकेत गेल्या, ओहायोच्या विल्बरफोर्स विद्यापीठात शिकल्या आणि पदवी मिळवणाऱ्या पहिल्या काळ्या दक्षिण आफ्रिकी स्त्री ठरल्या. १९१८मध्ये त्यांनी बांटू विमेन्स लीग स्थापन केली. सरकारला अखेर फ्री स्टेटमध्ये माघार घ्यावी लागली. पुढची तीसेक वर्षं काळ्या बायकांवर देशव्यापी पास लादायला कुठलंही सरकार धजावलं नाही. मूठभर धोबिणींनी मिळवलेल्या या यशाची जागा दक्षिण आफ्रिकेच्या इतिहासात फार मोठी आहे, आणि ती तेवढ्या आवाजात सांगितली जात नाही.

पुरुषांची सुटका नव्हती. १९१९मध्ये जोहान्सबर्गला लोकांनी गोणी भरभरून पास परत केले आणि शेकडो जण तुरुंगात गेले. १९३०च्या १६ डिसेंबरला डरबनमध्ये पास जाळण्याच्या सभेवर पोलीस तुटून पडले आणि तरुण कम्युनिस्ट कार्यकर्ता योहानेस न्कोसी याचा त्यात जीव गेला.

१९४८मध्ये नॅशनल पार्टी सत्तेवर आली आणि जागोजागी विखुरलेल्या नियमांची एक बंदिस्त यंत्रणा झाली. १९५०च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येक माणसाच्या नावापुढे वंश लिहिला : गोरा, ‘कलर्ड’ म्हणजे मिश्रवंशीय, किंवा ‘नेटिव्ह’. ज्याच्याबद्दल शंका असेल, त्याच्या केसांत पेन्सिल खोचून पाहत. पेन्सिल घसरून पडली तर एक वंश, अडकून राहिली तर दुसरा. एकाच आईच्या पोटी आलेली भावंडं वेगवेगळ्या रकान्यांत गेली, की त्यांचं एका घरात राहणंसुद्धा बेकायदा ठरे.

१९५२मध्ये आणखी एक कायदा आला. त्याच्या नावातच ‘पास रद्द करणे’ असे शब्द होते. प्रत्यक्षात त्याने जुने सगळे कागद एका पुस्तकात बांधले आणि सोळा वर्षांवरच्या प्रत्येक काळ्या माणसाच्या हातात ते द्यायची सोय केली. तेव्हा हेंड्रिक फेरवूर्ट ‘नेटिव्ह’ कारभाराचे मंत्री होते. या पुस्तकाला जोड होती शहरी वस्तीच्या कायद्यातल्या कलम दहाची. शहरात ७२ तासांहून जास्त राहायचं, तर माणूस तिथेच जन्मून सलग तिथेच राहिलेला हवा. नाहीतर त्याने एकाच मालकाकडे सलग दहा वर्षं नोकरी किंवा पंधरा वर्षं कायदेशीर वास्तव्य केलेलं हवं. अशा माणसाची बायको, अविवाहित मुलगी किंवा अठरा वर्षांखालचा मुलगा त्याच्या हक्काच्या आधाराने राहू शके. बाकीच्यांनी कामगार कचेरीची परवानगी काढावी आणि परवानगी संपताच निघून जावं. दहा वर्षांत एकदा नोकरी बदलली, आईच्या आजारपणात चार महिने गावी राहिलं, की हिशेब पुन्हा पहिल्यापासून. वैधव्य आलेल्या बाईचा शहरात राहण्याचा आधारच नवऱ्याबरोबर जाई.

पास न्यायालयांत एकेका खटल्याला काही मिनिटंच मिळत. आरोपीला वकील नसे. दंड, कैद किंवा ‘स्वगावी’ रवानगी. चौथी वाटही होती आणि ती फार भयंकर होती.

पूर्व ट्रान्सवालमधल्या बेथलच्या बटाट्याच्या शेतांना मजूर मिळत नसत, कारण तिथे जायला कुणी राजी नसे. पासपायी पकडलेल्या माणसाला पोलीस ठाण्यातच सांगण्यात येई, की खटला नको असेल तर शेतावर सहा महिन्यांच्या कराराला अंगठा लाव. ‘ड्रम’ मासिकाचा वार्ताहर हेन्री न्क्सुमालो याने १९५२मध्ये बेथलची कहाणी छापली. त्याआधी १९४७मध्ये पाद्री मायकल स्कॉट आणि पत्रकार रूथ फर्स्ट यांनी तिथलं वास्तव उघड केलं होतं. मजुरांना अंगावर घालायला बटाट्याची पोती मिळत. पोत्याला डोकं आणि हात जातील एवढी भोकं पाडायची आणि तेच कपडे. रात्री कोंडून ठेवत, दिवसा मुकादम चाबूक घेऊन मागे उभा. इकडे शहरात बायका नवरा कुठे गेला म्हणून ठाण्यामागून ठाणी हिंडत राहत.

न्क्सुमालो एवढ्यावर थांबला नाही. तुरुंगात काय चालतं ते आतून पाहायचं त्याने ठरवलं. रात्रीच्या परवान्याशिवाय मुद्दाम बाहेर पडून अटक करून घेतली आणि जोहान्सबर्गच्या तुरुंगात पाच दिवस काढले. मारहाण, शिव्या, आणि झडतीच्या नावाखाली नागड्या कैद्यांना उड्या मारत, टाळ्या वाजवत, गिरकी घेत अंग दाखवायला लावणं, हे सगळं त्याने मार्च १९५४च्या अंकात लिहिलं. शब्दांवर विश्वास न ठेवणाऱ्यांसाठी छायाचित्रकार बॉब गोसानी याने शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरून त्या झडतीचा फोटो काढला होता. देशभर खळबळ उडाली. दोन-तीन वर्षांतच, १९५६चं वर्ष सरताना, दुसऱ्या एका प्रकरणाचा माग काढत असताना न्क्सुमालोचा खून झाला.

बेथलचं पाप १९५९मध्ये पुन्हा चव्हाट्यावर आलं. वकील जोएल कार्लसन यांनी बेपत्ता मजुरांना न्यायालयात हजर करा, असे अर्ज एकामागून एक दाखल केले. त्याच सुमारास आफ्रिकन नॅशनल काँग्रेसने बटाट्यावर बहिष्कार पुकारला आणि काळ्या वस्त्यांतल्या बाजारांत बटाटे सडायला लागले. बटाटा हे गरिबाच्या ताटातलं स्वस्त अन्न, तरी लोकांनी महिनोन् महिने ते शिवलं नाही. कैद्यांना शेतावर धाडण्याची ती योजना सरकारला थांबवावी लागली.

बायकांवर पास लादायचा, हे सरकारने दरम्यान पुन्हा ठरवलं होतं. १९५६च्या मार्चमध्ये फ्री स्टेटमधल्या विनबर्ग गावापासून वाटप सुरू झालं. गाव लहान, चळवळीपासून लांब, म्हणून बहुधा निवडलेलं. हजारावर बायकांनी पुस्तकं घेतली. काही दिवसांत त्यांनी ती न्यायाधीशाच्या कचेरीपुढे नेऊन जाळली. त्याची शिक्षा म्हाताऱ्या बायकांनाही भोगावी लागली. पेन्शन घ्यायला गेल्या, तर पुस्तक नाही म्हणून त्यांना रिकाम्या हाती परत पाठवलं.

आणि मग ९ ऑगस्ट १९५६ उजाडला. वार गुरुवार. घरकाम करणाऱ्या बायकांना गुरुवारी सुट्टी असे, म्हणून हा वार मुद्दाम धरलेला. प्रिटोरियात त्या दिवशी मोर्चाला बंदी होती. त्यामुळे युनियन बिल्डिंग्ज या सरकारी मुख्यालयाच्या चढावर बायका दोन-दोन, तीन-तीनच्या गटाने जात राहिल्या. कुणी काँग्रेसच्या काळ्या-हिरव्या रंगाचे कपडे घातलेले, कुणी साडी नेसलेली, कुणाच्या पाठीशी स्वतःचं मूल बांधलेलं, तर कुणाच्या पाठीशी मालकिणीचं गोरं मूल. बघता बघता वीस हजारांच्या आसपास बायका जमल्या. पुढे चौघी : शिवणकामाच्या कारखान्यातली कामगार लिलियन न्गोयी, गोरी समाजकार्यकर्ती हेलन जोसेफ, भारतीय वंशाच्या रहिमा मूसा आणि जेमतेम अठरा वर्षांची सोफिया विल्यम्स. ज्या राजवटीने माणसांना वंशाच्या रकान्यांत वाटलं होतं, तिच्या दारात चार वेगवेगळ्या समाजांतून एकेक बाई उभी होती.

पंतप्रधान स्ट्रायडम भेटले नाहीत. पासविरोधी सह्यांचे गठ्ठे त्यांच्या कचेरीत ठेवून चौघी बाहेर आल्या. त्यानंतर वीस हजार बायका अर्धा तास एक शब्दही न बोलता उभ्या राहिल्या. अर्ध्या तासाने गाणी सुरू झाली आणि बायका जशा आल्या तशा शिस्तीत पांगल्या. पोलिसांना लाठी उचलायला निमित्त मिळालं नाही.

पास मात्र थांबला नाही. झीरस्ट भागातले मुखिया अब्राम मोइलोआ यांनी आपल्या बायकांना पास घ्यायला भाग पाडायचं नाकारलं, तर सरकारने १९५७मध्ये त्यांना पदावरून काढून टाकलं. १९५८च्या ऑक्टोबरमध्ये जोहान्सबर्गच्या पास कचेरीपुढून बायकांना ट्रक भरभरून पकडून नेलं. पेन्शन अडवून, नोकरी अडवून, नर्सिंगच्या मुलींना नोंदणी नाकारण्याची भीती घालून पुस्तकं गळ्यात मारली गेली. १ फेब्रुवारी १९६३पासून बायकांना पास सक्तीचा झाला. धोबिणींच्या १९१३च्या मोर्चापासून मोजलं, तर पन्नास वर्षं त्यांनी हा कायदा दारातच अडवून धरला होता.

प्रिटोरियाचा मोर्चा आणि ही सक्ती यांच्या मध्ये शार्पव्हिल घडलं.

विटवॉटर्सरँड विद्यापीठात झुलू शिकवणारे रॉबर्ट सोबुक्वे यांनी १९५९मध्ये पॅन आफ्रिकनिस्ट काँग्रेस स्थापन केली. त्यांची हाक सरळ होती : पास घरी ठेवा, पोलीस ठाण्यावर चालत जा, आम्हाला अटक करा म्हणा, जामीन नको, बचाव नको, दंड नको. विद्यापीठाची नोकरी सोडून सोबुक्वे २१ मार्च १९६०च्या पहाटे मोफोलोतल्या घरातून निघाले आणि ऑर्लँडो ठाण्यापर्यंत चालत जाऊन त्यांनी स्वतःला अटक करून घेतली. त्याच दिवशी दुपारी फ्रीनिकिंगजवळच्या शार्पव्हिल वस्तीत ठाण्याच्या कुंपणाबाहेर हजारोंचा जमाव होता. कुणाच्या हाती बंदूक नव्हती. पोलिसांनी गोळीबार केला तो माणसं पळायला लागल्यावरही थांबवला नाही. सरकारी आकड्यानुसार ६९ जण ठार झाले. बहुतेकांना गोळ्या पाठीत लागल्या होत्या.

पुढचे दहा दिवस सरकार हादरलेलं होतं. २६ मार्चला पासच्या अटका स्थगित झाल्या. त्याच दिवशी आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे अध्यक्ष आल्बर्ट लुथुली यांनी प्रिटोरियात आपला पास जाळला, २८ मार्चला मंडेलांनी ऑर्लँडोत. ३० मार्चला केपटाऊनच्या लांगा आणि न्यांगा वस्त्यांतून तीस हजारांचा जमाव शहरात निघाला. पुढे होता फिलिप क्गोसाना, तेवीस वर्षांचा विद्यार्थी. मोर्चा कॅलेडन चौकातल्या पोलीस मुख्यालयाशी पोचला. १८०९मध्ये खोईंच्या गळ्यात पास बांधणाऱ्या कॅलेडनचंच नाव त्या चौकाला. कर्नल टेरब्लान्श यांनी शब्द दिला, की लोकांना परत न्या, संध्याकाळी मंत्र्यांशी भेट घालून देतो. क्गोसानाने तीस हजार माणसं शांतपणे माघारी वळवली. संध्याकाळी भेटीला गेला, तर त्याला अटक झाली. त्याच दिवशी आणीबाणी पुकारली गेली आणि हजारो लोक विनाचौकशी आत गेले. ८ एप्रिलला दोन्ही संघटनांवर बंदी आली, आणि पासची तपासणी पुन्हा सुरू झाली.

सोबुक्वेंची तीन वर्षांची शिक्षा १९६३मध्ये संपली. त्यांना सोडावं लागू नये म्हणून संसदेने खास कलम केलं. ते दरवर्षी वाढवत सहा वर्षं त्यांना रॉबेन बेटावर एका घरात एकटं ठेवलं. इतर कैद्यांशी बोलायला बंदी. १९६९मध्ये तिथून बाहेर काढून त्यांना स्थानबद्ध केलं ते किंबर्लेत, जिथे हिऱ्यांच्या खाणींसाठी पासला धार आली होती. १९७८मध्ये तिथेच कर्करोगाने त्यांचं निधन झालं.

शार्पव्हिलनंतरच्या गप्प वर्षांत पासचं रोजचं रूप जगापुढे आणलं अर्नेस्ट कोल या छायाचित्रकाराने. कागदोपत्री काळा म्हणून फिरताना पदोपदी अडवलं जाई. त्याने आपलं ‘कोले’ हे आडनाव ‘कोल’ केलं आणि वंश बदलून ‘कलर्ड’ म्हणून नोंद करून घेतली. मग जेवणाच्या पिशवीत कॅमेरा लपवून तो खाणीत शिरला. पासपायी पकडून बेड्या घातलेल्या माणसांची रांग, खाणीत भरती होणाऱ्या नागड्या पुरुषांची वैद्यकीय तपासणी, रस्त्यात पास दाखवणारा कोवळा पोरगा, असे फोटो घेऊन तो १९६६मध्ये देशाबाहेर पडला. पुढच्या वर्षी ‘हाऊस ऑफ बाँडेज’ हे त्याचं पुस्तक न्यूयॉर्कहून निघालं आणि मायदेशात त्यावर बंदी आली. कोल पुन्हा घरी जाऊ शकला नाही. मंडेलांची सुटका झाल्यावर आठवडाभराने, १९९०च्या फेब्रुवारीत तो न्यूयॉर्कमध्ये वारला.

सत्तरच्या दशकात सरकारने वेगळा डाव टाकला. काळ्यांना त्यांच्या जमातीच्या ‘होमलँड’चं नागरिक ठरवलं. म्हणजे आपल्याच देशात ते परदेशी मजूर झाले. पण होमलँडमध्ये जमीन नापीक आणि काम शून्य. बायका पोरांना घेऊन नवऱ्यांमागे शहरात येतच राहिल्या. केपटाऊनबाहेर १९७५मध्ये क्रॉसरोड्स वस्ती उभी राहिली. बुलडोझर आला, घरं पाडली, बायकांना बसमध्ये घालून ट्रान्स्काई या होमलँडला पाठवलं. काही आठवड्यांत त्या परत हजर. आसपासच्या काही वस्त्यांत तर लोक रात्री फांद्या आणि प्लास्टिकची घरं उभारत आणि पोलीस यायच्या आत पहाटे ती उतरवून झुडपात लपवत.

न्यायालयातही भिंतीला भेगा पडत होत्या. ब्लॅक सॅश या गोऱ्या बायकांच्या संघटनेची सल्ला केंद्रं १९५८पासून पासग्रस्तांचे कागद सोडवत होती. १९७९पासून लीगल रिसोर्सेस सेंटरने निवडक खटले हाती घेतले. केपटाऊनमध्ये राहण्याचा हक्क असलेल्या वेली कोमानी यांच्या पत्नीला त्यांच्याजवळ राहू देत नव्हते. १९८०मध्ये अपील न्यायालयाने निकाल दिला, की कायद्याने दिलेला हा हक्क भाडेकरूच्या परवान्याचा नियम दाखवून हिरावता येणार नाही. १९८३चा खटला मेहलोलो टॉम रिखोटो यांचा. ते जर्मिस्टनमध्ये एकाच मालकाकडे दहा वर्षं राबले होते. पण सरकार दरवर्षी त्यांना गावी पाठवून नवा करार करायला लावी आणि नोकरी ‘सलग’ नाही म्हणे. न्यायालयाने ती पळवाट बंद केली. हजारो मजुरांना शहरात कुटुंब आणण्याचा हक्क त्यामुळे मिळाला.

१ जुलै १९८६ रोजी पास कायदे रद्द झाले. पी. डब्ल्यू. बोथा यांच्या सरकारला उपरती झाली होती, असं मानायला जागा नाही. तीनच आठवडे आधी त्यांनी देशभर आणीबाणी लादली होती. काळ्यांच्या वस्त्या पेटलेल्या होत्या, उद्योगांना स्थिर कामगार हवे होते, आणि सगळ्यात मुख्य म्हणजे कितीही पकडलं तरी माणसं येतच होती. पकडणाऱ्यांची यंत्रणा थकली, येणारे थकले नाहीत. वंशाची नोंद करणारा १९५०चा कायदा १९९१मध्ये गेला. १० डिसेंबर १९९६ रोजी मंडेलांनी नव्या राज्यघटनेवर सही केली ती शार्पव्हिलमध्ये. देशात कुठेही फिरण्याचा आणि कुठेही राहण्याचा हक्क तिच्या कलम २१मध्ये आहे. नव्या संविधान न्यायालयाचे पहिले प्रमुख झाले आर्थर चास्कलसन, लीगल रिसोर्सेस सेंटरचे एक संस्थापक. २००४मध्ये न्यायालयाची इमारत उभी राहिली ती जोहान्सबर्गच्या जुन्या तुरुंगाच्या जागी, जिथे गांधी होते आणि पासपायी पकडलेली लाखो माणसं कोंडली गेली.

पासने आखलेला नकाशा मात्र अजून पुसलेला नाही. केपटाऊनपासून सुमारे तीस किलोमीटरवरचं खायेलित्शा ऐंशीच्या दशकात काळ्यांना शहराबाहेर एका ठिकाणी गोळा करण्यासाठी वसवलं गेलं. आज तिथून पहाटे टॅक्सी पकडून कामाला जाणाऱ्या बाईला पास कुणी विचारत नाही. तिची मिळकत आणि वेळ मात्र त्याच अंतरात खर्च होतात. केपटाऊनच्याच परिसरातल्या वॉलसडीन झोपडपट्टीत राहणाऱ्या आयरीन ग्रूटबूम यांनी निवाऱ्याच्या हक्कासाठी सरकारविरुद्ध दावा लावला. ज्यांच्या डोक्यावर छप्परच नाही त्यांच्यासाठी सरकारकडे धड योजना नाही आणि हे घटनेविरुद्ध आहे, असा निकाल संविधान न्यायालयाने २०००मध्ये दिला. जगभरच्या कायद्याच्या वर्गांत हा निकाल शिकवला जातो. आयरीन ग्रूटबूम २००८मध्ये वारल्या, तेव्हाही त्या झोपडीतच राहत होत्या.